वसुबारसेचा पहिला लॉट

टँकरमधल्या दुधाचं फॅट मशीनवर दिसलं आणि मी आकडा दोनदा वाचला. एरवी चारच्या आसपास राहणारा आकडा सातच्या घरात गेला होता. मी दूध पुन्हा ढवळायला लावलं, पुन्हा सँपल घेतलं. आकडा तोच.

"रमेशभाऊ, हे दूध कुठलं आहे?"

रमेशभाऊ आमच्या डेअरीचं गाईच्या दुधाचं कलेक्शन सेंटर सांभाळायचे. ते टँकरवरून उतरले तेच हसत.

"मॅडम, आज पहा कसं दूध आनलं. घट्टच घट्ट."

"आणलं कुठून?"

"माह्या साळ्याच्या वळखीचा तबेला आहे. सगळं म्हशीचं."

"आणि गाईचं?"

"आज वसुबारस ना जी. आज गाईचं दूध कोनी इकत नाई. आजचं दूध वासराचं."

गेटवर मांडव घातलेला होता. केळीचे खांब बांधले होते. सकाळपासून भजनं लागली होती. नागपूरहून गिऱ्हाईकाचे शेफ निघाले असल्याचा फोन येऊन गेला होता. आणि ज्या दुधासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तेच दूध आलेलं नव्हतं.

मी डेअरी टेक्नॉलॉजिस्ट आहे. घर पिपरी मेघेला, पण तेव्हा आठवडाभर तळेगावला खोली घेऊन राहायचे, कारण डेअरी तिकडेच हायवेला लागून होती. डेअरीचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. मालक काळबांडे साहेब. माणूस वाईट नव्हता. घाईचा होता.

त्या दिवशी आम्ही इव्हॅपोरेटेड मिल्कचा पहिला लॉट काढणार होतो. हे नाव आपल्याकडे फार जणांना माहीत नाही. कंडेन्स्ड मिल्क माहीत असतं, मुलं चमच्याने चाटून संपवतात ते. दोन्हींत दुधातलं अर्ध्याहून जास्त पाणी काढून टाकलेलं असतं. फरक साखरेचा. कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखर ठासून भरतात आणि त्या साखरेमुळेच ते टिकतं. इव्हॅपोरेटेडमध्ये साखरेचा कणही नसतो. मग ते टिकवायचं कसं? डबा सील करायचा आणि आख्खा डबाच वाफेत शिजवायचा. ज्यात शिजवतात त्याला रिटॉर्ट म्हणतात. घरातला प्रेशर कुकर कपाटाएवढा केला की झाला रिटॉर्ट. त्या आचेने दुधाला मारी बिस्किटासारखा फिकट रंग येतो आणि चवीत थोडा खरपूसपणा उतरतो. न उघडलेला डबा फ्रिजशिवाय महिनोन् महिने राहतो. उघडला की त्याचं कौतुक संपलं, मग तो साध्या दुधासारखाच फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दोन-तीन दिवसांत संपवायचा.

लोक विचारतात, म्हणजे बासुंदीच ना? नाही. बासुंदी उघड्या कढईत आटते, साय धरते, कडेला लागते, ती खरवडून आपण परत आत ढकलतो आणि त्यातच तिची मजा असते. इथे दूध व्हॅक्यूम पॅनमध्ये आटवतात. आतली हवा ओढून घेतलेली असल्यामुळे ते कमी आचेवरच उकळतं, तळाला लागत नाही, साय धरत नाही. मग होमोजनायझर नावाच्या मशीनमधून ते दाबाने काढायचं, म्हणजे फॅटचे कण इतके बारीक होतात की वर येऊन तरंगत नाहीत. हातात येतं ते साईसारखं दाट पण पूर्ण गुळगुळीत दूध. या गुळगुळीतपणासाठीच शेफ लोक पैसे मोजतात.

आता यात गाईचा संबंध काय, तो सांगते. आमच्या आर्वी-कारंजा भागात गवळाऊ जातीच्या गाई. पांढऱ्या, उंच, चालायला चपळ. दूध मात्र कमी आणि म्हशीच्या मानाने पातळ. डेअरीत भाव मिळतो फॅटवर, म्हणजे म्हशीवाला नेहमी पुढे. साहेबांनी उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं, "मॅडम, गाईचं सेंटर परवडून नाही राह्यलं. दिवाळीनंतर बंद करू." त्या सेंटरवर टेकड्यांमधल्या चार गावांचं दूध यायचं. तिथे दुसरी डेअरी येत नाही. सेंटर बंद म्हणजे त्या गाई बाजारात, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा मी इव्हॅपोरेटेड मिल्कची कल्पना काढली. ते असं काम आहे जिथे म्हैस मागे पडते. म्हशीच्या दुधात प्रोटीन जास्त, कॅल्शियम जास्त. नुसतं पिताना ते चांगलंच. पण आटवून दुप्पट दाट केलं आणि रिटॉर्टच्या आचेत घातलं की ते फाटतं. गाईचं दूध ती आच सोसतं. आमच्याकडे डबे भरायचं जुनं मशीन होतं, रिटॉर्टही होता, दोन्ही धूळ खात पडलेले. नागपूरच्या एका केकवाल्यांना असं दूध हवं होतं. ते बाहेरून मागवलेले डबे वापरायचे. त्यांची ऑर्डर मिळाली तर गाईचं सेंटर चालू राहणार, नाही मिळाली तर बंद. साहेबांनी शब्द दिला होता.

छोट्या ट्रायलमध्ये डबे झकास निघाले होते. केकवाल्यांचे शेफ, कपिल नाव, स्वतः आले. आल्या आल्या त्यांनी आमच्या कँटीनचा गॅस ताब्यात घेतला. आधी कडक कॉफी केली आणि त्यात थेट डब्यातलं दूध ओतलं. साधं दूध घातलं तर कॉफी पातळ होते, क्रीम घातली तर वर तवंग येतो. हे दूध नीट मिसळून गेलं. मग चीज किसून त्यात वितळवलं आणि पास्त्याचा सॉस केला. "साधा दूध में चीज डालो तो बहुत बार दाना पडता है, मॅडम. ये पकडके रखता है." मग वाटीभर दूध बर्फात घालून थंडगार केलं आणि रवीने फेटून फेस आणून दाखवला. आमची कँटीनवाली कमल तोंडावर हात ठेवून बघत होती. शेवटी त्यांनी बरोबर आणलेला केक काढला. त्याला भोकं पाडून त्यावर कंडेन्स्ड मिल्क, क्रीम आणि आमचं दूध एकत्र करून ओतलं. परदेशातला हा तीन दुधांचा केक हल्ली नागपुरात वाढदिवसाला फार चालतो. केकने सगळं दूध पिऊन घेतलं आणि तरी तो लगदा झाला नाही.

"बढिया है," शेफ म्हणाले. "अब बडा लॉट मेरे सामने निकालो. मैं खुद डब्बा खोलूंगा. फिर बात पक्की."

तारीख साहेबांनी ठरवली. "वसुबारस. दुधाचा धंदा आन् गाईचा दिवस. याच्याहून मोठा मुहूर्त कोणता?" मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही बौद्ध, आमच्या घरी वसुबारस पाळत नाहीत, त्या दिवशी कोण काय खातं ते मला ठाऊक नव्हतं. पण साहेब शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्या आईने जन्मभर तो उपास केलेला. त्या दिवशी घरात गाईचं दूध, तूप काही चालत नाही, हे त्यांना पाठ होतं. घरात चालत नाही ते डेअरीत येणार कुठून, हा प्रश्न मात्र त्यांच्या डोक्यात आला नाही. घर आणि धंदा अशी दोन वेगळी कपाटं असतात लोकांच्या डोक्यात.

रमेशभाऊंना अडचण दोन दिवस आधी कळली होती. ते बोलले नाहीत. मी त्यांना तिथेच टँकरजवळ विचारलं, "मला फोन का नाही केला?"

"मॅडम, मुहूर्त मोडला असता. साहेब म्हनले असते, हे गाईवालेच असे, टायमावर दूध देत नाई. मंग सेंटर तं गेलंच असतं ना." ते गोंधळून गेले होते. "एका दिवसानं काय फरक पडते? दूध दूधच आहे."

ज्या सेंटरला वाचवायला धडपडले त्याच सेंटरच्या मुळावर घाव घातला होता त्यांनी, आणि तोही चांगल्या मनाने. मला राग आला होता, पण तो काढायचा कुणावर हे कळेना.

साहेब गेटवर होते. पूजा चालू होती. रमेशभाऊंच्या सेंटरवर दूध घालणाऱ्या देवकाबाई पूजेसाठी त्यांची गाय आणि वासरू टेम्पोत घालून घेऊन आल्या होत्या. साठीच्या बाई, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, गाईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या. गाय लाऊडस्पीकरला बुजत होती आणि त्या तिच्याशी सारखं काहीतरी पुटपुटत होत्या. साहेबांच्या मिसेस वासराला ओवाळत होत्या. मी साहेबांना बाजूला घेतलं.

"साहेब, आजचा लॉट काढू नका."

"काऊन?"

मी सांगितलं. ते ऐकताना एका डोळ्याने फोटोग्राफरकडे बघत होते.

"फॅट जास्त आहे तर सेपरेटरवर काढून टाका ना. तुमालेच तं येते ते सगळं."

"फॅट काढता येतं साहेब. म्हशीचं दूध गाईचं नाही करता येत. रिटॉर्टमध्ये फाटेल."

"फाटेलच, असं नक्की आहे?"

हा प्रश्न मला फार वेळा विचारला गेला आहे. प्रामाणिक माणसाला याचं उत्तर 'नक्की' असं देता येत नाही, आणि समोरच्याला तेवढंच पुरतं. मी म्हणाले, "आधी पायलट टेस्ट करू. ती बघून ठरवा."

पायलट टेस्ट म्हणजे भात शिजला का ते शीत दाबून बघणं, पण आख्खा भात चुलीवर चढवण्याआधीच. आटवलेल्या दुधाचे थोडे डबे भरायचे. प्रत्येकात फॉस्फेट नावाचं मीठ कमी-जास्त घालायचं. हे मीठ प्रोटीनला सांभाळून धरतं, दूध फाटू देत नाही. कायद्याने त्याला मर्यादा आहे, त्यापुढे जाता येत नाही. ते डबे लॅबमधल्या छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये शिजवायचे आणि उघडून बघायचे. ज्याचं दूध गुळगुळीत, तो डोस पूर्ण लॉटला.

दूध आटवून होईपर्यंत दुपार झाली. मी डबे शिजवले आणि उघडले. पहिल्यात दह्यासारखी कवडी. दुसऱ्यात दाणे. तिसऱ्यात बारीक दाणे. शेवटचा डबा मर्यादेच्या टोकावरच्या डोसचा, तो बरा होता. चमच्याच्या पाठीवरून दूध ओघळलं तेव्हा अगदी बारीक रवा दिसला. न सांगता कुणाला दिसला नसता.

तोवर शेफही पोचले होते. साहेबांच्या केबिनमध्ये चहा झाला होता. मी साहेबांना लॅबमध्ये बोलावलं आणि चारही डबे समोर ठेवले.

"हा तं चांगला आहे," साहेब शेवटच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"हा टोकाचा डोस आहे. लॅबचं मशीन छोटं, पटकन तापतं, पटकन निवतं. मोठ्या रिटॉर्टला तापायला आणि निवायला वेळ लागतो. तेवढ्यात हाही जाईल. साहेब, आजच्या दुधाचा खवा करू, दिवाळीत हातोहात जाईल. शेफना खरं सांगू. उद्या गाईचं दूध गोळा होईल, परवा लॉट काढू."

"नागपूरहून आलेल्या माणसाले परत पाठवू? आज मुहूर्ताले?" त्यांचा आवाज चढला. "परवा ते येतील याची गॅरंटी घेता तुमी? टोकाचा डोस टाका. कायद्यात बसते ना? मंग झालं."

कायद्यात बसत होतं. मी डोस टाकला. नोकरीत माणूस आपलं म्हणणं मांडतो, दुसऱ्यांदा मांडतो, आणि मग सांगितलेलं करतो. सगळ्याच नोकऱ्यांत असं असतं की नाही मला माहीत नाही.

डबे भरले, सील झाले, जाळीच्या पिंजऱ्यांत रचून रिटॉर्टमध्ये गेले. साहेबांनी दारावर नारळ फोडला. वाफ सुरू झाली. एकदा ती सुरू झाली की मधे दार उघडता येत नाही, आत प्रेशर असतं. मी काट्याकडे बघत बसले. बाहेर मांडवात लोक मसालेभात जेवत होते. कुणीतरी माझ्यासाठीही ताट आणलं, ते तसंच राहिलं.

डबे निवल्यावर मी पहिला डबा उचलून कानाशी धरला आणि हलवला. चांगलं दूध डब्यात सळसळतं, पाण्यापेक्षा किंचित जड. हा डबा आतून गपकन् वाजला. दुसरा घेतला. तोही तसाच. तिसरा मी हलवला नाही.

शेफनी स्वतः ओपनर लावला. झाकण वर केलं आणि डबा वाटीत उपडा केला. आधी पिवळसर पाणी आलं, मग मऊ गोळा घसरत खाली आला. त्यांनी वेगवेगळ्या पिंजऱ्यांतले डबे मागवले. एखाद-दुसरा बरा होता, त्याची त्यांनी कॉफी केली. कपात पांढरे ठिपके तरंगायला लागले. कमलने मान फिरवली.

"मॅडम, टेस्ट खराब नहीं है," शेफ मला म्हणाले, साहेबांना नाही. बिचारे सांभाळून बोलत होते. "लेकिन केक पे ऐसा दाना दिखेगा तो कस्टमर बोलेगा दूध फटा हुआ डाला. मैं किस किसको समझाऊं?"

"हे म्हशीचं दूध होतं, शेफ. तुम्ही आधी चाखलं ते गाईचं. परवा या, गाईचं काढून दाखवते."

"तो आज गाय का क्यों नहीं निकाला?"

गेटवरची भजनं अजून चालूच होती. साहेब मोबाईलमध्ये काहीतरी बघत होते. मी म्हणाले, "आज वसुबारस आहे. आज गाईचं दूध मिळत नाही."

शेफना ते समजायला जरा वेळ लागला. मग ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची अजून आभारी आहे. एवढंच म्हणाले, "भेज दो सँपल. मैं ट्राय करूंगा. पर परचेसवाले मेरी नहीं सुनते."

तिसऱ्या दिवशी मी गाईच्या दुधाचा लॉट काढला. एकही डबा फाटला नाही. तो रंग, तो दाटपणा, सगळं जसं पुस्तकात लिहिलेलं असतं तसं. एवढं सुंदर इव्हॅपोरेटेड मिल्क मी पुन्हा कधी काढलेलं नाही. खोकं भरून नागपूरला पाठवलं. मी रोज त्यांना फोन करायचे. शेफना आवडलं होतं. परचेसवाल्यांनी मात्र तोवर बाहेरच्या डब्यांचा करार पुढे वाढवून टाकला होता. ज्या कंपनीचा पहिलाच लॉट फाटतो तिच्यावर वर्षभराचा माल कोण टाकेल? त्यांच्या जागी मी असते तर मीही नसता टाकला.

उरलेले डबे डेअरीतच संपवायचे ठरले. कमलने त्यांची खीर केली. आटवत बसायची गरज नाही, शेवया शिजल्या की डबा ओतायचा. अंडी घालून कॅरॅमल पुडिंग केलं, ते सुरीने कापावं असं गुळगुळीत बसलं. भोपळ्याच्या सूपमध्ये घातलं, क्रीमची गरज पडली नाही. निम्मं पाणी घालून रोजचा चहा व्हायचा, त्याला वेगळाच खमंग वास यायचा. मी घरी नेऊन त्यात वेलची-जायफळ घालून झटपट बासुंदी केली. मुलीने दोन वाट्या खाल्ल्या आणि विचारलं, "आई, हे तुमच्याकडे मिळतं? मग आधी का नाही आणलंस?" मी माझी वाटी तिच्यापुढे सरकवली.

दिवाळी संपली आणि साहेबांनी शब्द पाळला. सेंटर बंद. म्हशीचं पनीर चालू होतं, डेअरीला काही झालं नाही. गावांत सांगायला रमेशभाऊंना एकट्यानेच जायचं होतं. सेंटर गेलं म्हणजे त्यांचंही काम गेलं होतं, आणि तेच सांगायला चालले होते. मी म्हणाले, मी येते.

देवकाबाई अंगणात होत्या. त्यांनी बाज पुढे ओढली, पाणी दिलं. रमेशभाऊ पाण्याचा पेला हातात धरून बसले, तेव्हा मीच सांगितलं की एक तारखेपासून गाडी येणार नाही.

"आमच्या दुधात काई खोट निंगाली काय, मॅडम?"

"नाही हो. तुमच्या दुधात काहीच खोट नाही." आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. ती ऑर्डर काय होती, ते दूध कसलं होतं, त्या दिवशी म्हशीचं दूध का आलं, डबे कसे फाटले. इतक्या साध्या शब्दांत मी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "त्या दिवशी तुमचं दूध असतं तर सेंटर राहिलं असतं."

देवकाबाईंनी गोठ्याकडे पाहिलं.

"त्या दिशी तं मी तुमच्या गेटवरच व्हती," त्या म्हणाल्या. "सकाळपासून. माही गायही तिथंच व्हती. कोनी इचारलं काय मले?"

"पण त्या दिवशी तुम्ही दूध विकत नाही ना?"

"इकत नाई. त्या दिशी इकाचं नसते." त्या माझ्याकडे वळल्या. "पन द्याले कोन मना करते? वासरू पिऊन उरते ना दूध. आमी तोंडात घालत नाई, मंग गावातल्या लेकराइले वाटून देतो, मांजरा-कुत्र्याले पाजतो. तुमाले फुकट देल्लं असतं, मॅडम. साऱ्या गावानं देल्लं असतं. सेंटर आमचंच व्हतं ना?"

रमेशभाऊ तोंडावर रुमाल धरून रडायला लागले. मला रडू आलं नाही. मला फक्त तिथून निघून जावंसं वाटलं, आणि तेही लगेच जमलं नाही, कारण देवकाबाईंनी चहा टाकला होता.

त्यांच्या गाई उन्हाळ्यात आर्वीच्या बाजारात गेल्या. रमेशभाऊ आता तळेगावला एका हार्डवेअरच्या दुकानात आहेत. मीही पुढच्या वर्षी डेअरी बदलली. नव्या ठिकाणी दूध तपासायला खूप चांगली मशिनं आहेत, मिनिटात सगळे आकडे देतात. तरी मोठ्या ट्रायलची तारीख ठरली की आधी मी गाडी काढून दूध घालणाऱ्या बायांकडे जाते. त्या दिवशी दूध घालाल का, असं विचारते. त्या नाही म्हणाल्या, तर का, एवढं विचारून परत फिरत नाही. मग त्या दुधाचं तुम्ही काय करता, हेही विचारते.